मुळशी-मावळातल्या जुन्या माणसांच्या आठवणी आणि जात्यावरच्या ओव्या: रेकॉर्डिंगची तयारी

भातखाचर
मुळशी आणि मावळातल्या बारा वाड्यांवर ऐंशीच्या पुढच्या साधारण चाळीस माणसांच्या मुलाखती घ्यायच्या आहेत. ज्या बायकांना ओव्या येतात त्यांच्या ओव्याही घ्यायच्या. मंडळाकडे एक हातात धरायचा रेकॉर्डर, दोन कॉलर माइक आणि सहा तरणी पोरंपोरी आहेत. मृग लागायच्या आत रेकॉर्डिंग उरकायचं, कारण पुढे भाताच्या कामात कोणी सापडत नाही. प्रश्न तीन: रेकॉर्डरचं सेटिंग काय ठेवावं, जात्याचा आवाज कसा सांभाळावा, आणि नंतर या सगळ्याचं करायचं काय? जाणकारांनी लिहावं.

कानसेन
सेटिंगपुरतं सांगतो. वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. एमपी३ वर थेट रेकॉर्ड करू नका. मूळ फाइल वेव्ह असली की तिची एमपी३ कधीही करता येते, पण एमपी३ ने टाकून दिलेला आवाज परत येत नाही. या सेटिंगला मोनो तासाला साधारण अर्धा जीबी घेतो, स्टिरिओ एक जीबीच्या किंचित वर. चाळीस माणसं, सरासरी सव्वा तास धरला तर पन्नास तास, म्हणजे स्टिरिओत ५२ जीबी. जागेची चिंता करण्यासारखं त्यात काही नाही.

पातळी अशी लावा की साध्या बोलण्यात काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास खेळेल आणि हसताना, ओरडतानाही उणे ६ च्या वर जाणार नाही. 'ऑटो लेव्हल' बंद. तो चालू असला की म्हातारं माणूस आठवायला थांबतं तेवढ्यात यंत्र आवाज वाढवतं आणि मागचा पंखा विमानासारखा ऐकू येतो.

दोन चुका हमखास होतात. एक, बॅटरी संपून किंवा काढून ठेवल्यावर काही रेकॉर्डरचं घड्याळ मागे जातं, मग सगळ्या फाइलींवर कुठल्यातरी जुन्या वर्षाची १ जानेवारी पडते. रोज सकाळी तारीख बघा. दुसरी, कार्ड संगणकात फॉरमॅट करणं. ते रेकॉर्डरमध्येच करायचं. आणि फाइल २ जीबीची झाली की बरेच रेकॉर्डर नवी फाइल सुरू करतात, स्टिरिओत ती वेळ साधारण दोन तासांनी येते. तेव्हा 'अर्धी मुलाखत गेली' म्हणून घाबरू नका, पुढची फाइल शोधा.

उंबरठा
खोलीबद्दल. पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज पुन्हा चालू करायचं राहून जातं, म्हणून गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, निघताना आपोआप आठवतं. मोबाइल नुसता सायलेंट चालत नाही, फ्लाइट मोडवर टाका आणि माइकच्या तारेपासून लांब ठेवा, नाहीतर टर्र-टर्र येते. पत्र्याचं घर असेल तर ओसरीवर किंवा गोधड्या-कांबळ्यांची चळत असलेल्या आतल्या खोलीत बसा. रिकाम्या, नव्या रंगवलेल्या हॉलमध्ये सगळं विहिरीत बोलल्यासारखं होतं.

वेळ दुपारी दोन ते चार. सकाळी कुकर, संध्याकाळी देवळाचा भोंगा.

जात्याचा_खुंटा
ओव्यांचं वेगळं आहे, सविस्तर लिहितो.

'आजी, ओव्या म्हणा' असं खुर्चीवर बसवून सांगितलं तर चार ओव्या होतात आणि 'आता कुठं आठवतंय' येतं. हात खुंट्यावर पडला की आठवतात, कारण ओवीची चाल त्या फिरण्याला बांधलेली असते. जात्यावर दोघी समोरासमोर बसवा. एकीने ओवी उचलली की दुसरीला पुढची सुचते. ऐंशीच्या बाईला ओढायला लावू नका. ओढणारी तरणी असू दे, म्हातारीचा हात नुसता खुंट्यावर. सात-आठ मिनिटं, मग पाणी, मग पुन्हा.

जातं रिकामं फिरवायचं नाही. दगडावर दगड घासून खरखर तर येतेच, शिवाय तळ्या (खालचा-वरचा दगड) झिजतात. मूठ-मूठ ज्वारी वरून घालत राहा. जातं नुकतं टाकवून (टाकीने दगडाला पुन्हा टाचे मारून) घेतलं असेल तर पहिली दोन-तीन घाणी कोंडा किंवा हलकं धान्य दळून टाकून द्या, त्यात खडीचा चुरा उतरतो. आणि ते पीठ चुकूनही कोणाच्या भाकरीत जाऊ नये.

आवाजाचं म्हणाल तर जात्याची घरघर हवेतून येते त्याहून जास्त जमिनीतून येते. माइकचा स्टँड जमिनीवर तसाच ठेवला की सगळं रेकॉर्डिंग गुरगुरतं. स्टँडखाली घोंगडी चार पदरी घडी करून टाका. समोरून ऐकणारा आणि मागून कमी ऐकणारा माइक असेल तर तो हनुवटीच्या खाली, दीड फुटावर, तोंडाकडे वर रोखून लावा, म्हणजे जातं त्याच्या पाठीमागे पडतं. डोकं ओढताना फूटभर पुढे-मागे होतं, त्यामुळे आवाज थोडा कमीजास्त येणार, तो येऊ द्या.

प्रत्येक ओवी तीनदा घ्या. एकदा दळताना. एकदा जातं थांबवून नुसती चालीवर. एकदा ओळ-ओळ बोलून. तिसऱ्या वेळी 'गं बाई', 'माझ्या', 'सांगते' हे भरीचे शब्द गळतात, म्हणून बोललेलीच लिहून काढली तर गायलेली वेगळी निघते. लिहिताना दोन्ही ठेवा.

नाचणी
+१. त्यात बायकांच्या बाजूने थोडी भर.

कॉलर माइक पदराला लावला की पदर सरकताना सरसर येते. पदराची घडी पिन करून तिथे हनुवटीखाली एका वितीवर लावा, तारेचा एक छोटा वेढा करून पिनेत अडकवा म्हणजे ओढ माइकवर येत नाही. मंगळसूत्राची वाटी माइकवर आपटते, माइक बाजूला घ्या. लावायचं काम मुलीने करावं किंवा त्या बाईलाच लावू द्यावं, हे सांगायला नको.

बांगड्या काढायला सांगू नका. ऐंशीच्या सवाष्ण बाईला हे सांगणं कसं लागतं ते तिला विचारा. खुंट्यावरच्या हातातल्या बांगड्या मनगटावर चढवून वर रुमालाची सैल गाठ मारली की किणकिण निम्म्याहून कमी होते. आणि थोडी किणकिण राहिली तर ती त्या आवाजाचाच भाग आहे.

मुलगा, सून, नातू समोर असतील तर उत्तरं तेच देतात. रेकॉर्डिंगवाला आत, विचारणारी एक, बाकी सगळे अंगणात. एखाद्या कर्त्याला बाहेर काढायचं असेल तर त्याच्याकडे जुने फोटो शोधायचं काम द्या.

फिरस्ता_७
मुळशी-मावळ म्हणताय तर हेही लक्षात घ्या की याच पट्ट्यात हे काम आधी झालंय. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८० च्या दशकापासून पुण्याच्या संस्थेतून जात्यावरच्या ओव्या जमवल्या, पुढे बर्नार्ड बेल यांच्याबरोबर ध्वनिमुद्रणही झालं. संग्रह एक लाख ओव्यांच्या वर गेला आणि २०१७ पासून पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर तो क्रमाने येतोय. निघण्याआधी त्यात तुमच्या गावांची नावं शोधा. एखाद्या घरातल्या आजींची ओवी तिथे मिळाली तर मुलाखतीची सुरुवात तिथूनच करता येते: 'ही तुमच्याकडे कशी म्हणतात?'

त्यांच्या नोंदीतून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे ओवी गाणारीच्या नावाने आणि गावाने लावलेली असते. तुम्ही त्यात एक रकाना वाढवा: माहेरचं गाव. ओवी बाईबरोबर लग्न होऊन येते. मावळात गायलेली ओवी भोरची किंवा खेडची असू शकते. नुसतं सासरचं गाव लिहिलं तर सगळा नकाशा चुकतो. म्हणून नाव, माहेरचं नाव, माहेर, सासर, ओवी कोणाकडून ऐकली (आई, आत्या, सासू), एवढं तरी हवंच.

भातखाचर
हे सोन्यासारखं आहे. आम्ही फॉर्मवर फक्त 'गाव' एवढंच ठेवलं होतं. उद्याच बदलतो.
सालांचं काय करायचं? विचारलं की 'लई वर्सं झाली' एवढंच उत्तर येतं.

दौतटाक
साल विचारूच नका. आधारवरची जन्मतारीखही धरू नका. १ जून दिसली की समजायचं, मास्तरांनी शाळेत घालताना लिहिलीय.

खुणेच्या घटना घेऊन जा आणि 'त्याच्या आधी की नंतर' असं विचारा. पुणे जिल्ह्यात चालणाऱ्या खुणा: गांधीवध आणि त्यानंतरचं ब्राह्मणांच्या घरांचं जळीत (जानेवारी-फेब्रुवारी १९४८). नवे पैसे आले (१ एप्रिल १९५७). महाराष्ट्र झाला (१ मे १९६०). पानशेत फुटलं (१२ जुलै १९६१). कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७, पहाटे). बहात्तरचा दुष्काळ, तेव्हा वाटलेल्या सुकडीवरून, मिलो ज्वारीवरून त्याला 'सुकडीचं साल' किंवा 'मिलोचं साल' असंही म्हणतात. नंतरच्यांसाठी किल्लारी (३० सप्टेंबर १९९३). घरगुती खुणा त्याहून पक्क्या: 'पानशेतच्या वक्ताला थोरली पोटात होती' एवढ्या एका वाक्यावर बाकीची दहा वर्षं उभी करता येतात.

मुळशीत धरणाचं प्रकरण येणारच. टाटा कंपनीचं धरण, सेनापती बापटांचा सत्याग्रह, १९२१ ते १९२४. आज हयात असलेल्या कोणीही तो पाहिलेला नाही. तरी घेतलाच पाहिजे, कारण कुठलं शेत, कुठलं देऊळ बुडालं हे घरात सांगत आलेले असतात. फक्त नोंदीत 'पाहिलेलं' की 'ऐकीव', आणि ऐकीव असेल तर कोणाकडून, हे लिहा. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर जुनी जोती उघडी पडत असतील तर सांगणाऱ्याला तिथे न्या, बोट दाखवून सांगितलेलं घरात बसून सांगितल्यापेक्षा तिप्पट निघतं. तेव्हा वाऱ्यासाठी माइकवर केसाळ टोपी हवी, स्पंजची पुरत नाही.

मापांचंही तसंच. 'दोन पायल्या भात दिला' म्हणजे किती? कोष्टक पाठ असेल सगळ्यांना, दोन चिपटी मापटं, दोन मापटी शेर, चार शेर पायली. पण पायली गावागणिक लहानमोठी असते. घरात माप असेल तर मागून घ्या, तेव्हा जे मोजायचे तेच, भात की तांदूळ, शिगोशीग भरून तराजूवर घाला आणि वजन लिहा. शीग धरून मोजायचे की हात फिरवून सपाट, हेही विचारा. खंडाचा (जमीनमालकाला द्यायच्या धान्याचा) हिशेब त्यावरच फिरतो.

कानसेन
दौतटाक यांचा प्रतिसाद छापून भिंतीला लावावा असा.
एक तांत्रिक भर: प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला माणूस बोलायच्या आधी तारीख, गाव, वाडी, सांगणाऱ्याचं आणि विचारणाऱ्याचं नाव तोंडाने बोला. कागद हरवतो, फाइलचं नाव बदलतं, हे दहा सेकंद हरवत नाहीत. आणि शेवटी सगळ्यांना गप्प बसवून त्या खोलीचा अर्धा मिनिट नुसता आवाज घ्या, नंतर काटछाट करताना जोडायला लागतो.

उंबरठा
विचारणाऱ्या पोरांना सांगा: 'हं', 'हो हो', 'अरे बापरे' तोंडाने नाही, मानेने. बोलून झालं असं वाटलं की मनात दहा आकडे मोजा, खरी गोष्ट बहुतेक वेळा सातव्या-आठव्याला येते. 'तुमच्या आयुष्याबद्दल सांगा' हा प्रश्नच नाही. 'चूल कुठल्या कोपऱ्यात होती? पाणी कोण आणायचं, कुठून, किती खेपा?' असं विचारा. घरातली एखादी वस्तू हातात द्या. इरलं असेल तर सर्वात छान, पावसाळी लावणीच्या सगळ्या आठवणी त्याखाली असतात.

वाचनमात्र_होतो
कागदपत्रांचं कोणीच लिहिलं नाही, म्हणून पहिल्यांदाच टंकतोय.

संमती एका सहीत गुंडाळू नका. चार वेगळे प्रश्न: रेकॉर्ड करू का? गावात ऐकवू का? इंटरनेटवर टाकू का? नाव घालू का? प्रत्येकाला वेगळं हो-नाही. सही येत नसेल तर फॉर्म मोठ्याने वाचून दाखवा आणि संमती रेकॉर्डिंगवरच घ्या. 'अमुक वर्षं कोणाला ऐकवू नका' हा पर्यायही हवा. जळिताबद्दल, कूळकायद्यात कोणाची जमीन कोणाकडे गेली त्याबद्दल लोक बोलतात आणि रात्री झोप लागत नाही. दोन दिवसांनी परत जाऊन 'यातलं काही काढायचंय का' विचारायचं, हे वेळापत्रकातच बसवा.

विकिमीडिया कॉमन्सवर टाकायचं असेल तर आधीच सांगा, कारण तिथला परवाना व्यावसायिक वापरालाही मोकळीक देतो. 'गावाच्या कामासाठी' म्हणून घेतलेल्या संमतीत ते बसत नाही. ओवी परंपरेची असली तरी गाणारीचा सादरीकरणाचा हक्क १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात आहे, तो ५० वर्षं टिकतो.

दुसरं, जुनी माणसं जातींची नावं जशी तेव्हा घेत तशी घेतात. काही शब्द शिवीचेच असतात. मूळ फाइलला हात लावू नका, ती तशीच राहिली पाहिजे. जाहीर प्रतीत ते नाव किंवा शब्द झाकायचा की नाही ते ज्यांच्याबद्दल बोललंय त्या वस्तीतली माणसं समितीत बसवून ठरवा. आणि चाळीस माणसांची यादी पुन्हा तपासा. सगळे गावठाणातले, पाटील-कारभाऱ्यांच्या घरचे असतील तर बौद्धवाडी, कातकरी वस्ती, धनगरपाडा यांच्याशिवाय ती गावाची आठवण कशी म्हणायची?

नाचणी
शेवटच्या परिच्छेदाला जोरदार अनुमोदन. बाबासाहेबांवरच्या जात्यावरच्या ओव्या भरपूर आहेत, त्या गावठाणात बसून मिळणार नाहीत.

भातखाचर
यादी तपासली. तीस जण गावठाणातलेच निघाले. दुरुस्त करतोय.
आता लिहून काढण्याचं. मोबाइलवर बोलून टाइप होतं तसं करून टाकू का? मानधन द्यावं का?

दौतटाक
मोबाइलचं टंकन शहरी बोली समजून लिहितं. 'व्हतं' चं 'होतं' होईल, 'न्हाय' चं 'नाही', आणि 'आवणी', 'राब', 'दाढ' असले भाताचे शब्द आले की काहीही भलतंच छापेल. कच्चा खर्डा म्हणून वापरा, पण कानाने ऐकून ओळन् ओळ सुधारावी लागते. तासाभराच्या बोलण्याला सहा ते आठ तास धरा. पन्नास तासांना साधारण साडेतीनशे. तिघांनी रोज दोन तास दिले तर दोन महिने.

बोली तशीच ठेवायची. 'शुद्ध' करायला घेतलं की माणूस जातो. नियम तीनच: ऐकू येईल तसं लिहा, न कळलेल्या शब्दाचा अंदाज न लिहिता प्रश्नचिन्ह आणि वेळ टाका, विषय बदलला की वेळ लिहा. प्रश्नचिन्हांची यादी घेऊन त्याच वाडीतल्या दुसऱ्या म्हाताऱ्याकडे जा, बरेचसे शब्द तिथेच सुटतात.

फिरस्ता_७
थोडी असहमती. संपूर्ण लिप्यंतर सगळ्या चाळीसांचं करू नका, दमाल आणि अर्ध्यात सोडाल. ओव्या शब्दन् शब्द. मुलाखतींची मात्र आधी नुसती वेळेनुसार विषयसूची: '१२ मिनिटं: राब भाजणी. १९ मिनिटं: लोणावळ्याच्या बाजाराला पायी'. ती दीड-दोन तासांत होते. मग ज्यात दम आहे त्या दहांचं पूर्ण.

मानधनाबद्दल: दिवसभराची मजुरी बुडत असेल तर ती भरून द्याच. 'ओवीला इतके' असा भाव लावू नका. मग ओव्या मोजायला लागतात आणि जुळवून म्हटल्या जातात.

दौतटाक
विषयसूचीचं मान्य. फक्त ती करणारा मुलाखतीत हजर असलेला हवा, आणि आठवड्याच्या आत.

कानसेन
साठवणीचं राहिलं. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक गावाबाहेर. दोन प्रती उघडून ऐकून बघितल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही. पेन ड्राइव्ह ही साठवण नव्हे, ती पोस्टमनची पिशवी. प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइलच्या आतल्या माहितीवरून संगणक काढतो तो पडताळणीचा आकडा) काढून यादीत ठेवा, वर्षातून एकदा पुन्हा काढून जुळतोय का बघा, म्हणजे फाइल आतून सडली तर कळतं आणि दुसऱ्या प्रतीवरून बदलता येते.

फाइलच्या नावात देवनागरी आणि मोकळी जागा नको, जुन्या यंत्रांवर चौकोन-चौकोन दिसतात. नुसते आकडे: वर्ष, महिना, दिवस, मुलाखत क्रमांक, भाग. माणसाचं नाव फक्त यादीत. ज्यांनी नाव नको म्हटलंय त्यांचं नाव फाइलवरून फुटतं, हे लक्षात येत नाही कोणाच्या. व्हॉट्सअॅपवर पाठवायचंच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून.

उंबरठा
घरच्यांना प्रत द्यायची ती सीडीवर नको, वाजवायला यंत्र नाही कोणाकडे. नातवाच्या फोनमध्ये एमपी३ टाका आणि तिथेच, निघायच्या आधी, आजींना त्यांचाच आवाज एकदा ऐकवा. 'ह्ये चुकलं, तिथं दुसरीच ओवी हाय' असं म्हणतात आणि आणखी पाच-सहा सापडतात. म्हणून रेकॉर्डर तोवर पिशवीत घालू नका.

भातखाचर
वाचनखूण साठवली. रविवारी पहिली बैठक, दोघी जणी एका जात्यावर. घोंगडी मिळाली, ज्वारी दळायला घेतलीय, जातं टाकवून घ्यायला दिलंय. एक शंका राहिली: टाकवलेल्या जात्याचा आवाज जास्त येतो का?

जात्याचा_खुंटा
येतो, पहिले काही दिवस. नव्या टाक्या धारदार असतात, खरखर चढते. रविवारच असेल तर आज-उद्यात परत आणा आणि चार-पाच शेर कोंड्या-कण्या दळून घ्या. नाहीतर शेजारच्या घरातलं वापरात असलेलं जातं एक दिवसापुरतं मागा. उचलून आणणार असाल तर तळ्या वेगळ्या आणा, आणि खुंटा काढून.